टोड लिली: सावलीतली कमाई आणि उन्हाळ्यातला खर्च

आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमागे, कंपाऊंडची भिंत आणि पार्किंग यांच्यामधे एक चिंचोळा पट्टा आहे, सकाळी तासभर कोवळं ऊन येतं आणि मग दिवसभर सावली. तिथे लावायला काहीतरी शोधत होतो आणि टोड लिली दिसली, नुसत्या फोटोवरच जीव जडला. इंचभराचं फूल, सहा पाकळ्या, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. इंग्रजीत त्या ठिपक्यांवरून तिला बेडकाचं नाव मिळालं, जपानीत मात्र होतोतोगिसु म्हणतात, कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याचं नाव, त्याच्या छातीवर तशीच नक्षी असते म्हणून. मला जपानी नाव जास्त पटतं.

बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या बुडाशी फुगीर पिशव्या असतात, त्यात मध. शास्त्रीय नाव ट्रायसिर्टिस, म्हणजे तीन कुबडं, ते त्यावरूनच. भुंगा मधासाठी खाली शिरला की वरून कारंज्यासारखे वाकलेले पुंकेसर त्याच्या पाठीला पराग फासतात, किती सुंदर योजना!

पण ही झाडं हिमालयापासून जपान-तैवानपर्यंतच्या गार, ओलसर जंगलांतली. पुण्यात सावली देणं सोपं आहे हो, खरा प्रश्न उन्हाळ्यातल्या रात्रींचा आहे. झाड दिवसा प्रकाशावर साखर बनवतं आणि दिवसरात्र श्वसनात ती खर्च करतं. सावलीतल्या झाडाची कमाई मुळातच थोडी, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं, म्हणजे एप्रिल-मेमधे रात्रीसुद्धा गारवा नसला की खर्च कमाईच्या पुढे जातो आणि झाड आतून खंगत जातं.

माझी पहिली कुंडी अशीच गेली. पानांच्या कडा करपल्या म्हणून मी रोज पाणी घालत राहिलो आणि कंदच कुजला. सावलीत पानांतून बाष्प कमी उडतं, माती लवकर सुकत नाही, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून जातात आणि मुळांना हवा मिळत नाही. माती ओलसर हवी, चिखल नको. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

आता मी प्लॅस्टिकऐवजी मातीची मोठी कुंडी वापरतो. माठातलं पाणी गार का राहतं? बाहेर झिरपलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, तेच कुंडीतही होतं आणि मुळं थोडी गार राहतात. वरून वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा. जात निवडताना तैवानची फॉर्मोसाना घ्या, जपानच्या थंड डोंगरांतल्या जातींपेक्षा ती उकाडा जरा जास्त सोसते. फुलं पावसाळा सरताना येतात. हिवाळ्यात वरची खोडं वाळली तर झाड मेलं समजून उपटू नका, खाली कंद जिवंत असतो, फक्त पाणी कमी करा.

एवढं करूनही नाही जगली तर त्याच कुंडीत आपला भुईचाफा लावा. तो पावसाळ्यात पानांनी कमावतो, ते कंदात साठवतो, हिवाळ्यात पानं टाकून झोपतो आणि उन्हाळ्यात एकही पान नसताना थेट मातीतून जांभळट-पांढरं सुवासिक फूल काढतो, सगळं मागच्या पावसाळ्यातल्या शिल्लकीवर.