सॉरॉन सरडा नव्हे, मोरिया बायबलची नव्हे

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतला खलनायक सॉरॉन म्हणजे ग्रीक ‘सॉरोस’, सरडा. आणि मोरियाची खाण म्हणजे बायबलमधला अब्राहमचा मोरिया डोंगर. वर्षानुवर्षं फिरणारी ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण खोटी. कादंबरीचे लेखक टोल्किन यांनीच १९६७ मध्ये एका वाचकासाठी लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात ती खोडून काढली.

सॉरॉन आला त्यांनीच रचलेल्या एल्फ लोकांच्या भाषेतल्या ‘थाउरा’, म्हणजे किळसवाणा, या जुन्या विशेषणावरून. क्वेन्या या एल्फ भाषेत पुढे या ‘थ’चा ‘स’ झाला. भगिनीभाषा सिंदारिनमध्ये मात्र ‘थ’ टिकला, म्हणून तिथे त्याचं नाव गोर्थाउर. असे ध्वनिबदल आधी ठरवून मग शब्द पाडणाऱ्या माणसाला ग्रीक कोश कशाला हवा?

मोरियात ‘मोर’ म्हणजे काळा, ‘इया’ म्हणजे पोकळी. नाद तेवढा ‘सोरिया मोरिया’ किल्ल्याच्या नॉर्वेजियन लोककथेतून आला. कथेशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

उसनवारी अजिबातच नव्हती असंही नाही. आपल्या कथांमधल्या एका पात्राचं एआरेंदिल हे नाव त्यांनी एका जुन्या इंग्रजी धार्मिक काव्यातून उचललं आणि ते उघड मान्यही केलं. पण आपल्या भाषेत बसवताना त्याला नवा अर्थ दिला: समुद्रावर प्रेम करणारा.