सोसणं वेगळं, सावरणं वेगळं

पाचपाखाडीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "दुखणं किती वेळाने थांबतं?"

मी जरा ऐटीतच सांगितलं, "दुखत असलं तरी मी पाच किलोमीटर पळते."

"ते नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या. "पळून आल्यावर गुडघा पहिल्यासारखा व्हायला किती वेळ जातो? संध्याकाळपर्यंत होतो? दुसऱ्या सकाळपर्यंत? की होतच नाही?"

मला सांगता येईना. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमधल्या २१ किलोमीटरसाठी माझी अडीच महिने तयारी चालली होती. किती पळाले, किती मिनिटांत, उपवन तलावाला किती फेऱ्या, पावसात किती दिवस, सगळं वहीत होतं. अंगात कणकण असताना पळाले त्या तारखांपुढे तर मी चांदण्या काढल्या होत्या. पळून झाल्यावर शरीर जाग्यावर कधी आलं, याची मात्र एकही नोंद नव्हती.

म्हणजे मी हिशोब ठेवला होता सोसण्याचा आणि समजत होते की हे सावरणं आहे. ही गल्लत माझ्या एकटीची नाही. ऑफिसात, घरात, परीक्षेच्या तयारीत आपण सगळेच ती करतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात: माणूस पडला नाही, काम चालू आहे, चेहरा शांत आहे.

भाषेला मात्र फरक पक्का ठाऊक आहे. आपण ऊन सोसतो, कळा सोसतो, टोमणे सोसतो. सोसायची वस्तू नेहमी बाहेरून आलेलं ओझं असते. सावरतो काय? पदर, तोल, घर, स्वतःला. जे आपलं आहे आणि घसरत चाललंय, ते परत जागेवर आणायचं. शिवाय 'पोटाला सोसत नाही' असं आपण सहज म्हणतो. तिखट सोसवत नाही म्हणून कुणी कुणाला कमकुवत ठरवत नाही. कामाच्या बाबतीत मात्र 'मला हे सोसत नाही' म्हणायची लाज वाटते, का कोण जाणे.

शाळेत 'स्थितिस्थापकता' नावाचा जड शब्द पाठ केला होता. डब्याला लावायचा रबर ओढला, सोडला, पुन्हा मूळ मापाचा. फार ओढला तर तो लगेच तुटत नाही, सैल पडतो. दोन वेढ्यांत बसणारं झाकण मग तीन वेढे मागतं. धातूंचा अभ्यास करणारे इथे दोन वेगळी मोजमापं वापरतात. तुटेपर्यंत किती ऊर्जा पचवली, हा चिवटपणा. आणि आकार कायमचा न बिघडता किती ऊर्जा घेतली नि परत दिली, हे दुसरं मोजमाप. साधी लोखंडी सळई भलतीच चिवट असते. वाकते, पण लवकर तुटत नाही. फक्त वाकली की वाकलेलीच राहते. स्प्रिंगचं पोलाद दाबलं की परत येतं. सळईला तुटली नाही म्हणून शाबासकी द्यायची आणि तिच्याकडून स्प्रिंगची अपेक्षा करायची, असा आपला व्यवहार असतो.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण मला लहानपणापासून ऐकवली गेली आणि मीही मुलाला ऐकवली आहे. आता वाटतं, म्हण चुकीची नाही, पण ती दगडाबद्दल आहे. दगडाला सोमवारी सकाळी ऐरोलीला ऑफिस गाठायचं नसतं.

आता शरीराकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून शरीराच्या ताणाचे तीन टप्पे मांडले. पहिला धोक्याच्या घंटेचा: शरीर खडबडून जागं होतं. दुसरा प्रतिकाराचा. तिसरा थकून कोलमडण्याचा. यातला दुसरा टप्पा मला सगळ्यात फसवा वाटतो. ताण तसाच चालू असतो, पण शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि वरवर जवळजवळ नेहमीसारखं दिसतं. सोसणारा आणि सावरलेला इथे अगदी शेजारी शेजारी उभे असतात आणि ओळखू येत नाहीत. फरक पुढे कळतो: एकाचा भार उतरलेला असतो, दुसऱ्याची शिल्लक संपत आलेली असते.

आतल्या आत काय चालतं, तर धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, पाठोपाठ कॉर्टिसोल. नाडी जलद होते, रक्तातली साखर वर जाते, पचन मागे पडतं. गाडी अंगावर आली तर हे वरदानच. धोका टळल्यावर हे सगळं खाली उतरायला हवं, आणि सावरणं म्हणतात ते या उतरण्याला. उतरलंच नाही तर झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर झीज चढत जाते. ब्रूस मॅकएवेन या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात या साठत जाणाऱ्या झिजेसाठी 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' हा शब्द रूढ केला. शब्द अवघड आहे, अनुभव अजिबात नाही. संध्याकाळी घोडबंदर रोडवर माजिवड्याच्या पुढे गाडी अडकते, सव्वा तासाने घरी पोचतो, चप्पल काढतो, चहा घेतो आणि तरीही जबडा आवळलेलाच असतो. भार उतरून अर्धा तास झाला, शरीराला निरोपच गेलेला नाही.

सोसण्याची शक्ती संपते तेव्हा माणूस धाडकन कोसळेल अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातल्या 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती आटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. मधली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो कालपर्यंत उत्साहाने कामं अंगावर घ्यायचा तो आज प्रत्येक सूचनेवर तिरकस बोलतो. आपण म्हणतो, 'हल्ली फार खडूस झालाय.' माझ्या घरच्यांनी मॅरेथॉनच्या तयारीत हेच म्हटलं होतं, फक्त जरा सौम्य शब्दांत.

मुंबईच्या 'स्पिरिट'बद्दलही मला असंच काहीसं वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं तशी माणसं कामाला लागली, आणि त्याचं केवढं कौतुक झालं! पण कामावर न गेल्यास त्या दिवसाची मजुरी बुडणार होती, यालाही आपण स्पिरिटच म्हणून टाकलं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकून कल्याणहून सीएसएमटीपर्यंत येणाऱ्या माणसाला बसायला मिळालंय असं म्हणायचं का, तसाच हा प्रश्न.

याचा अर्थ सोसणं वाईट, असा नाही. घरात कुणी आयसीयूत असतं तेव्हा श्वासाचे व्यायाम करत बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. बारावीचे शेवटचे दोन आठवडे, बाळाचे पहिले काही महिने, मार्चअखेरची ऑडिटची गडबड: इथे सोसायलाच हवं. सोसण्याला फक्त शेवटची तारीख हवी. तारीख नसलेलं सोसणं आलं की मी सावध होते.

आता ध्येयाकडे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: 'काहीही झालं तरी रोज पळायचं.' ध्येय नेमकं असावं आणि जरा अवघडही असावं, यात खोट नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं की 'जमेल तेवढं कर' यापेक्षा स्पष्ट आणि अवघड ध्येय दिलं की माणसाचं काम सरस होतं. खोट 'काहीही झालं तरी' या तीन शब्दांत होती. तिथे फक्त सोसण्याची व्यवस्था आहे. एखादा दिवस मोडला तर काय, याला त्या वाक्यात जागाच नाही. मग मोडलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून करायची, आणि गुडघ्याचं व्हायचं ते झालं.

पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने जर-तरच्या योजनांवर बरंच काम केलंय. 'मी व्यायाम करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं असेल तर ते पार पडण्याची शक्यता वाढते, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. आपण ही युक्ती सहसा सुरुवात करण्यासाठी वापरतो. मला ती परत येण्यासाठी जास्त कामाची वाटली. माझी सध्याची वाक्यं अशी आहेत: जर ट्रान्स-हार्बर लोकल रखडली आणि घरी यायला आठ वाजले, तर पळणं रद्द, मासुंदा तलावाला एक चालती फेरी आणि नऊनंतर फोन बंद. जर सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली, तर त्या दिवशी सुट्टी. जर सलग तीन दिवस मोडले, तर चौथ्या दिवशी फक्त दोन किलोमीटर, भरपाई बंद. शेवटचं वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेलं. मध्यमवर्गीय मनाला बुडीत खातं सोडून देणं जमत नाही.

आणि इथेच एक अवघड वळण आहे. सावरणं म्हणजे नेहमी त्याच ध्येयाकडे परतणं नव्हे. माझा एक मावसभाऊ कळव्याला राहतो. त्याने स्पर्धा परीक्षेचे पाच प्रयत्न दिले. नातेवाईक त्याच्या चिकाटीचे दाखले द्यायचे, मीही द्यायचे. सहाव्याचा फॉर्म त्याने भरला नाही. आता तो तीच तयारी करणाऱ्या मुलांना इतिहास शिकवतो. घरात 'हरला' असा सूर निघाला. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांचं २००३ सालचं संशोधन वेगळंच सांगतं: आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडू शकणारी आणि नवं काही हाती घेऊ शकणारी माणसं मनाने जास्त ठीक असतात. यातला दुसरा भाग विसरू नये, नुसतं सोडून दिल्याने पोकळीच राहते. पाचव्या प्रयत्नानंतर तो सोसत होता की सावरत होता, हे मला आज त्याच्या झोपेवरून कळतं. तेव्हा तो रात्री तीनला ऑनलाइन दिसायचा.

ऐरोलीच्या पुलावरून खाडीकडे पाहिलं की तिवरांची रांग दिसते. ठाणे खाडीतलं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. सगळे पक्ष्यांचे फोटो काढतात. मी हल्ली तिवर बघते. खारं पाणी त्याला टळत नाही. बरंचसं मीठ मुळांशीच अडतं, उरलेलं पानांतून बाहेर टाकलं जातं, कधी कधी पानावर त्याचे कण हाताला लागतात. चिखलात हवा नसते, म्हणून श्वसनमुळं बोटांसारखी वर येतात. भरती रोज दोनदा, म्हणून मीठ टाकणंही रोजचंच. वर्षाकाठी लोणावळ्याला जाऊन एकदम नव्हे.

सावरण्याबद्दलची एक गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. तुमच्या वाटचं दुःख तुमच्याऐवजी मी सोसू शकत नाही. पण तुम्हाला सावरू शकते. 'तो सावरला' आणि 'तिने त्याला सावरलं', दोन्ही मराठीत चालतं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे जिव्हाळ्याने लक्ष देणारं किमान एक मोठं माणूस. आजी, मामा, एखाद्या शिक्षिका, कुणीही. म्हणजे 'ती मुलं मुळातच खंबीर होती' एवढं म्हणून भागत नाही.

आणि कधी कधी प्रश्न सोसण्याचा किंवा सावरण्याचा नसतोच. माझ्या आधीच्या नोकरीत रात्री अकराला मेसेज यायचे आणि दर तिमाहीला 'ताणाचं व्यवस्थापन' या विषयावर कार्यशाळा व्हायची. तिथे मी छान श्वास घ्यायला शिकले. मेसेज अकरालाच येत राहिले. भार कमी करण्याऐवजी सावरण्याचं शिक्षण देणं स्वस्त पडतं, एवढं मला त्यातून कळलं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र जर-तरच्या वाक्यांत वेळ घालवू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मॅरेथॉन मी त्या वर्षी धावले नाही. छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले, ओळखीच्यांना हाका मारल्या, थोडी रडलेही. वहीत आता एक रकाना वाढलाय: 'परत केव्हा?' सुरुवातीला त्यात 'दोन दिवसांनी', 'अजून नाही' असंच असायचं. गेल्या रविवारी उपवनला तीन फेऱ्या झाल्या, चौथी सोडून मक्याचं कणीस घेतलं. त्यापुढे लिहिलंय: सोमवारी सकाळी, जिना उतरताना, काही जाणवलं नाही.