कॅप्शनचा भाव कशाने पडला?

‘चव आणि परंपरेचा अनोखा संगम!’ खाली तीन पणत्या, पाच हॅशटॅग. दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळ विकणाऱ्यांच्या पोस्ट चाळल्या, तर हे वाक्य थोड्याफार फरकाने दर दुसऱ्या ठिकाणी भेटतं. काही वर्षांपूर्वी ते लिहिणाऱ्याला पैसे मिळायचे. आता क्लायंटच मसुदा पाठवतो, ‘चॅटजीपीटीवर काढलंय, जरा नजर फिरवा’, आणि नजर फिरवण्याचा रेट अर्थातच लिहिण्याचा नसतो.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं. त्यानंतरच्या काही महिन्यांत अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर काय झालं, हे संशोधकांनी तपासलं. लेखनाशी संबंधित कामं करणाऱ्यांची महिन्याची कामं सुमारे २ टक्क्यांनी घटली, कमाई मात्र सुमारे ५ टक्क्यांनी. चांगलं रेटिंग असलेले लेखकही यातून सुटले नाहीत. ‘मी उत्तम लिहितो, मला काय धोका’ हा दिलासा तिथेच निकालात निघाला.

फटका कॅप्शनलाच का बसावा? चॅटजीपीटीमागचं भाषेचं मॉडेल आधीचा मजकूर पाहून पुढचा तुकडा, म्हणजे टोकन, कोणता येण्याची शक्यता जास्त आहे याचा हिशेब करतं. लाखो जाहिरातींत जे पुन्हापुन्हा आलंय, ते त्याला सहज सुचतं. कॅप्शन आखूड, साचा ठरलेला, चुकलं तरी कोणाचं फारसं बिघडत नाही. यंत्राला याहून सोपं गिऱ्हाईक नाही.

याचा तोटा असे बरेच मजकूर एकत्र पाहिल्यावर दिसतो. २०२४मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लघुकथा लिहिणाऱ्या काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना दिल्या. त्यांच्या कथा वाचकांना सरस वाटल्या, पण त्या कथा एकमेकींसारख्याही जास्त होत्या. म्हणजे एकट्याचा फायदा आणि गर्दीत हरवणं, दोन्ही एकदमच. जाहिरातीत हे जास्त नडतं, कारण तिथे उठून दिसण्याचेच तर पैसे असतात.

मराठीचा आडोसाही आता तेवढा राहिलेला नाही. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. त्यामुळे जुन्या मॉडेलमध्ये मराठी वाक्याचे खूप तुकडे पडत आणि ते महागात जाई. मे २०२४मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ या नव्या मॉडेलमध्ये मराठीला लागणारे टोकन जवळपास एक तृतीयांशावर आले.

यंत्राकडे नसते ती त्या विशिष्ट घरातली माहिती. फराळवाल्या काकूंना फोन केला की कळतं, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात, आणि गूळ घातलेलं पीठ मुरल्याशिवाय ऑर्डरच घेत नाहीत. यातल्या एका वाक्याचंही कॅप्शन त्या ‘अनोख्या संगमा’ला भारी पडेल. पंचाईत एवढीच की, पोस्टमागे ठरलेल्या रेटमध्ये हा फोन कोणी हिशेबात धरतच नाही. कोटेशनमध्ये ‘माहिती काढणे’ अशी वेगळी ओळ टाकायला हवी, आणि मजकुराच्या ओळीपेक्षा तिचा आकडा मोठा हवा.