वळणात गाडी किती झोपली, हे चिपला कसं कळतं?

मोटारसायकलचं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जास्त घसरू न देणारी यंत्रणा, वरवर पाहता सोपं आहे. दोन्ही चाकांवर एकेक दातेरी चकती असते आणि तिच्याजवळ वेग मोजणारा सेन्सर. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरू लागलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठिणगी उशिरा पाडतो, एखादी गाळतो, किंवा थ्रॉटलची झडप थोडी मिटतो. ताकद तोडणं अवघड नाही. कधी तोडायची, हे ठरवणं अवघड.

कारण थोडं घसरणं टायरला हवंच असतं. कोरड्या डांबरावर मागचा टायर गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त फिरतो, तेव्हाच तो सर्वाधिक जोर लावतो. त्यात वळण आलं की हिशेब आणखी बिघडतो. गाडी झोपली की टायर कडेवर चालतो, तिथे त्रिज्या कमी. मागचा टायर रुंद, पुढचा अरुंद, म्हणून हा फरक दोघांत सारखा पडत नाही. काहीही न घसरता दोन चाकांचे वेग वेगळे दिसतात. म्हणजे आधी गाडीचा कल कळायला हवा.

खरी गंमत इथेच आहे. भिंत कलली की गवंड्याला ओळंबा सांगतो. वळणात झोपलेल्या गाडीत टांगलेला ओळंबा मात्र गाडीच्याच रेषेत लोंबेल, कारण गुरुत्वाकर्षण आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज जवळपास टायरच्याच दिशेने जाते. त्यामुळे नुसता त्वरणमापक (वेगातला बदल आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ टिपणारा सेन्सर) ४५ अंशांच्या कलातही ‘गाडी सरळ आहे’ असंच सांगेल. म्हणून सोबत जायरो लागतो: चिपमधला सिलिकॉनचा थरथरता कण, जो गाडी फिरताच बाजूला ढकलला जातो. तो फिरण्याचा दर देतो, कोन नाही. दराची बेरीज करत कोन काढायचा, तर बारीक चुकाही साठत जातात. त्या गाडीचा वेग आणि वळण्याचा दर यांच्याशी सतत ताडून पुसाव्या लागतात. २०१५ च्या यामाहा आर-१ मध्ये असा सहा अक्षांचा संच आला: तीन दिशांचं त्वरण आणि तीन दिशांचं फिरणं मोजणारा. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्येही २०२० पासून कल ओळखणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे.

व्हीलीचंही, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलण्याचंही, असंच. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकाच मागच्या टायरच्या पुढे असेल, तर सुमारे १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाला पुढचं चाक उचलतं, म्हणजे २.८ सेकंदांत ताशी १०० किमीचा वेग. नुसत्या चाकांच्या वेगावर विसंबणारी यंत्रणा हवेत मंदावलेलं पुढचं चाक पाहून मागचं घसरतंय असं समजते, ताकद एकदम तोडते, आणि पुढचं चाक दाणकन आपटतं. जायरोवाली यंत्रणा गाडी किती वेगाने उचलतेय ते पाहून हळूहळू आवरते.

आता भरवसा. चिप सहसा दगा देत नाही. दगा देतात सेन्सरची तुटकी वायर, वाकलेली चकती, चिखल, कमजोर बॅटरी. आकडे विसंगत आले की दिवा लागतो, यंत्रणा बंद होते, गाडी चालत राहते. मेन स्टँडवर मागचं चाक फिरवलं तरी हा दिवा लागू शकतो. तो बिघाड नव्हे.

वळणात खडीवर पुढचं चाक सुटलं, तर मात्र ही यंत्रणा हतबल असते, तिच्या हातात फक्त इंजिन. वाळूच्या चढावर तर ती ताकद तोडून गाडी रुतवते, तिथे बंद केलेली बरी. आणि टायर बदलताना कंपनीचंच माप घ्या; वेगळ्या घेराचा टायर घातला की ईसीयूचा सगळा हिशेब पहिल्या फेऱ्यापासून चुकतो.