पंचाहत्तर हा आकडा आला कुठून: 'प्लॅन ७५'ची पार्श्वभूमी

'प्लॅन ७५' या जपानी चित्रपटात पंचाहत्तरी गाठलेल्या कुणालाही स्वेच्छेने मरण निवडण्याची सोय सरकारच करून देतं. त्याबद्दल बोलताना 'असं खरंच होईल का' हा एकच प्रश्न फिरून फिरून येतो. त्याच्या आधी विचारायला हवा तो प्रश्न मात्र राहून जातो. पंचाहत्तरच का? जपानमध्ये ज्येष्ठांची सरकारी गणती पासष्टपासून सुरू होते, पेन्शनचं वयही साधारण तेच. मग मरणाची सरकारी योजना पंचाहत्तरीला का आली? कारण हा आकडा तयारच होता. तो सरकारने १ एप्रिल २००८ रोजी लागू केला होता, आणि त्यावरून देशात असा भडका उडाला की पुढच्या वर्षी झालेल्या सत्तांतराच्या कारणांमध्येही त्याची गणना होते.

चित्रपटाचा विषय निघाला की अनेक जण म्हातारीला डोंगरावर सोडून येण्याच्या जुन्या दंतकथेकडे वळतात. नागानो प्रांतात त्या कथेच्या नावाचा, म्हणजे ओबासुते नावाचा, डोंगर आहे, रेल्वे स्थानकही आहे, आणि कथा दहाव्या शतकातल्या एका ग्रंथात सापडते. अशी प्रथा खरोखर कुठे पाळली जात होती याला भक्कम पुरावा नाही. शिवाय त्या सर्वांत जुन्या रूपात मावशीला सोडून आलेला माणूस रात्री चंद्र पाहून कासावीस होतो आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी घेऊन येतो. 'प्लॅन ७५'मधली भीती या डोंगरावरची नाही. ती खिडकीवरची आहे. समोर नम्र तरुण कारकून, हातात फॉर्म, आणि कुठेही आवाज न चढवता चाललेलं काम. ही भीती समजून घ्यायला दहावं शतक फारसं उपयोगाचं नाही, गेली साठ वर्षं पुरतात.

त्यातली पहिली दहा-बारा वर्षं उमेदीची होती. १९६० मध्ये इवाते प्रांतातल्या एका बर्फाळ, गरीब खेड्याने आपल्या पासष्टीपुढच्या माणसांचे उपचार फुकट केले. हे विमा कायद्यात बसत नाही, असं वरून बजावलं गेलं. गावाने ऐकलं नाही. १९६३ मध्ये ज्येष्ठांच्या कल्याणाचा कायदा आला. त्यांनी समाजाच्या प्रगतीला वर्षानुवर्षं हातभार लावला, म्हणून त्यांना प्रेम आणि आदर मिळाला पाहिजे, असं त्या कायद्यात चक्क कलम घालून म्हटलेलं आहे. त्याच वर्षी शंभरी गाठणाऱ्यांना सरकारतर्फे चांदीचा साके-पेला देण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा देशभरात शंभरीपार माणसं होती १५३. (पुढे ही संख्या हजारोंत गेली आणि २०१६ पासून पेला चांदीचा मुलामा दिलेला झाला.) इवातेच्या खेड्याने केलं ते १९७३ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी देशाने केलं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तेलाचे भाव कडाडले आणि तिजोरीचा हिशेब बिघडला. दवाखान्यांचे कट्टे झालेत, म्हातारे तिथे गप्पा मारायला जातात, अशी ओरड सुरू झाली. १९८३ मध्ये फुकट उपचार संपले. बाह्यरुग्णाला महिन्याला ४०० येन लागू झाले. रक्कम किरकोळ होती, पण दिशा बदलली. २००० साली सेवा-शुश्रूषेचा वेगळा विमा आला आणि चाळिशीपासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागू लागला. त्याची कथा मोठी आहे, इथे तिच्यात शिरत नाही.

२००८ जवळून पाहायला हवं. मूळ कायदा २००६ मध्ये मंजूर झाला, तेव्हा सामान्य माणसाने फारसं लक्ष दिलं नाही. त्यानुसार पंचाहत्तरी गाठलेला प्रत्येक जण आपल्या आधीच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडून एका नव्या, फक्त त्या वयाच्या लोकांच्या विम्यात जाणार होता. संख्या साधारण १ कोटी ३० लाख. म्हातारी माणसं घरातच राहिली आणि कागदावर त्यांची चूल वेगळी मांडली गेली. नवरा शहात्तर, बायको बाहत्तर असेल तर एका छताखालच्या दोघांचे विमे दोन. नोकरदार मुलाच्या विम्यात अवलंबून म्हणून असलेल्या जवळपास वीस लाख वृद्धांना तोवर स्वतःचा हप्ता नव्हता, आता तो लागू झाला. (त्यांना आधी सहा महिन्यांची माफी आणि नंतर मोठी सूट द्यावी लागली.) हप्ता भरायला कुठे जायचंही कारण नव्हतं, बहुतेकांच्या पेन्शनमधून तो परस्पर कापला जाणार होता. पहिली कपात १५ एप्रिलला झाली. जपानमध्ये पेन्शन दोन महिन्यांनी एकदा जमा होते, त्यामुळे त्या दिवशी पासबुक भरून घेतलेल्या लाखो माणसांना नव्या योजनेची खरी ओळख झाली. त्याआधीच हजारो विमाकार्डं पत्त्यावर न पोहोचता परत गेली होती.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते नाव. योजनेच्या नावात 'उत्तर टप्प्यातले वृद्ध' असा शब्द होता. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत तो पूर्वीपासून निरुपद्रवीपणे नांदत होता, पण कार्डावर छापून घरी आल्यावर त्याचा अर्थ प्रत्येकाने आपल्यापुरता लावला: आता उरलंय ते शेवटचं. योजना सुरू झाली त्याच दिवशी पंतप्रधानांच्या सूचनेवरून तिला 'दीर्घायुष्य' असं टोपणनाव दिलं गेलं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

सरकारच्या बाजूनेही मुद्दे होते आणि ते खोटे नव्हते. वृद्धांच्या उपचारांचा खर्च कोण किती उचलतो हे आधीच्या व्यवस्थेत दिसतच नव्हतं. नव्या योजनेत वाटणी सांगितली गेली: साधारण निम्मा सरकारी पैसा, चार दशांश तरुणांच्या विम्यांतून, एक दशांश स्वतः वृद्धांच्या हप्त्यांतून. हिशेब पारदर्शक झाला, हे मान्य करावं लागतं. पण पारदर्शकतेचा दुसरा परिणामही लगेच दिसला. 'तुमच्यासाठी आम्ही किती भरतो' हे तरुणांना आता आकड्यात सांगता येऊ लागलं. वयाची रेघ ओढून हिशेब मांडला की रेघेपलीकडचे लोक खर्चाची बाजू होतात. 'प्लॅन ७५' नेमकं हेच दाखवतो, आणि म्हणून या निर्णयाकडे नुसती विमा-सुधारणा म्हणून पाहणं मला पटत नाही.

योजनेची आखणी करणाऱ्या समितीने या वयाच्या लोकांची तीन वैशिष्ट्यं नोंदवली होती. उपचार लांबतात आणि एकाच वेळी अनेक आजार असतात. अनेकांना कमी-अधिक स्मृतिभ्रंश असतो. आणि या योजनेत असतानाच त्यांना अटळ मृत्यू येणार असतो. तिसरा मुद्दा खरा आहे यात वाद नाही. पण विम्याच्या आराखड्यात तो पाया म्हणून लिहिला की त्यावर काय बांधलं जाईल? त्याच एप्रिलपासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयोगटाची आरोग्यतपासणी विमासंस्थांवर बंधनकारक झाली. पंचाहत्तरीपुढच्यांसाठी ती 'शक्य तितका प्रयत्न करावा' अशी राहिली.

त्यातच एक छोटीशी तरतूद होती, अखेरच्या काळाबद्दलच्या सल्ल्याची फी. पंचाहत्तरीपुढचा रुग्ण बरा होण्याची आशा नाही असं ठरलं की डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि घरचे यांनी बसून पुढचे उपचार कुठवर करायचे ते बोलायचं, ते लिहून ठेवायचं, आणि त्याबद्दल दवाखान्याला एकदाच २,००० येन मिळायचे. असं बोलणं चांगलंच आहे, ते व्हायलाही हवं. पण ते फक्त पंचाहत्तरीपुढच्यांशीच का? पन्नाशीतल्या कर्करुग्णालाही हाच प्रश्न पडतो, त्याच्या डॉक्टरला ही फी नव्हती. 'आमच्याकडून नको म्हणून लिहून घ्यायचे पैसे मिळतात का' असा अर्थ वृद्धांनी काढला, आणि तो काढू नका असं पटवून देणारं उत्तर सरकारकडे नव्हतं. जुलैमध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, ही फी गोठवली गेली आणि २०१० मध्ये रद्द झाली.

चित्रपटातली योजना या फीची आठवण करून देते. तिथेही सगळं ऐच्छिक आहे. केव्हाही माघार घेता येते, घरच्यांची संमती लागत नाही, फोनवर बोलायला पंधरा मिनिटांपुरती एक मुलगी मिळते. जबरदस्ती कुठेच नाही. फक्त ७८ वर्षांच्या नायिकेची हॉटेलातली साफसफाईची नोकरी जाते, वयाकडे पाहून कुणी घर भाड्याने देत नाही, आणि अशा वेळी एकच दार सताड उघडं असतं.

विरोधी पक्षाने ही व्यवस्था मोडीत काढण्याचं वचन देऊन २००९ मध्ये सत्ता मिळवली. वर्षभर समिती बसली, पर्यायी आराखडा आला, प्रांतांनी खर्चाच्या बोजावरून विरोध केला आणि विधेयक मांडलंच गेलं नाही. २०१२ मध्ये ते सरकार गेलं. तेव्हापासून ही व्यवस्था रद्द करण्याची भाषा मागे पडली.

बाकी हवा मात्र बदलत गेली. २०१३ मध्ये खुद्द अर्थमंत्री, सरकारी पैशावर जगवलं जाणं आपल्याला नको, अशा माणसांना लवकर मरू दिलं पाहिजे, अशा आशयाचं बोलले आणि नंतर त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. २६ जुलै २०१६ रोजी सागामिहारा इथल्या अपंगांच्या निवासी संस्थेत तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याने १९ जणांची हत्या केली. अशा माणसांचा समाजाला उपयोग नाही, हे त्याचं म्हणणं. या घटनेने दिग्दर्शिका हादरली आणि त्यातून आधी २०१८ मधला लघुपट व नंतर २०२२ चा पूर्ण चित्रपट झाला. म्हणूनच त्याची सुरुवात वृद्धांवरच्या हल्ल्याने होते. हत्याऱ्याचं म्हणणं आणि संसदेतला ठराव यांच्यातलं अंतर चित्रपट काही मिनिटांत कापतो.

चित्रपट जपानमध्ये जूनमध्ये लागला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून पंचाहत्तरीपुढच्या, ठरावीक उत्पन्न असलेल्या लोकांचा उपचारखर्चातला वाटा दहावरून वीस टक्के झाला. २०२३ मध्ये या वयोगटाची संख्या दोन कोटींपुढे गेली, आणि युद्धानंतरच्या १९४७ ते ४९ मधल्या प्रचंड पिढीचा शेवटचा माणूसही आता ही रेघ ओलांडून गेला आहे. एप्रिल २०२४ पासून बाळंतपणासाठी मिळणाऱ्या ५ लाख येनच्या मदतीचा काही भागही याच वृद्धांच्या विम्यातून जातो. दुसरीकडे, ज्येष्ठ कुणाला म्हणायचं ते वय पासष्टवरून सत्तरपर्यंत न्यावं, असा सल्ला सरकारला मिळतो आहे, कारण माणसं कमी आहेत आणि काम पडून आहे. कामाच्या बाबतीत वय पुढे सरकवण्याची ही चर्चा चालू असताना उपचारखर्चाची रेघ पंचाहत्तरवरच आहे, आणि पुढचा वाद तिच्यापलीकडच्या किती जणांकडून तीस टक्के घ्यायचे, यावर चालला आहे.