चर्चच्या आवारातला यू आणि धनुष्यं

‘वेल्सच्या खेड्यांतल्या मध्ययुगीन चर्चभोवती यू नावाची सदाहरित झाडं धनुष्यांसाठी लावली,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पटण्यासारखंच आहे, यूचं लाकूड धनुष्याला उत्तम. पण ती झाडं जवळून पाहा: पिळवटलेली, गाठाळ. धनुष्याला माणसाएवढी सरळ काठी लागते. अशा काठ्या इंग्लंडमध्ये परदेशातून येत. 1472 च्या कायद्याने आयातदारांवर दर टन मालामागे धनुष्याच्या 4 काठ्या आणण्याची सक्ती केली. गंमत म्हणजे बाराव्या शतकातला एक धर्मगुरू लिहितो, की वेल्समधल्या ग्वेंट भागातल्या तिरंदाजांची धनुष्यं एल्म या दुसऱ्या झाडाची, यूची नव्हेत.

वेल्समधल्या लान्गेर्न्यू गावचा यू तर शेजारच्या चर्चहून कितीतरी जुना. वलयं मोजायला मधलं खोडच उरलेलं नाही, म्हणून वयाचा अंदाज घेरावरून. त्या दुभंगलेल्या खोडात पूर्वी चर्चची तेलाची टाकी ठेवली होती!