१४२८५७ आणि ६१७४: कापरेकर संख्या वेगळी, कापरेकर स्थिरांक वेगळा

६१७४ ला 'कापरेकर संख्या' म्हणणारे पुष्कळ भेटतात. शोध गणितज्ञ कापरेकरांचाच, त्यामुळे नाव चुकलंय हे पटकन ध्यानात येत नाही. पण कापरेकर संख्या निराळी, आणि ६१७४ तिच्यात बसत नाही.

२०२५ घ्या. हा ४५ चा वर्ग. मधोमध तोडला की २० आणि २५, बेरीज परत ४५. म्हणून ४५ ही कापरेकर संख्या. २९७ आणि ७०३ याही तशाच. माझी सर्वांत लाडकी मात्र १४२८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. मूळ संख्या सहा अंकी, म्हणून उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७!

हे जमतं कसं? १४२८५७ ला ७ ने गुणलं की ९९९९९९ येतात. तिच्या आधीच्या १४२८५६ ला ७ ने नि:शेष भाग जातो, भागाकार २०४०८. म्हणजे वर्गातून मूळ संख्या वजा केली की उरतं २०४०८ × ९९९९९९. ९९९९९९ म्हणजे दहा लाखाला एक कमी. म्हणून वर्गाच्या डावीकडे २०४०८ बसतात, आणि १४२८५७ मधून तेवढेच वजा होऊन उजवीकडे १२२४४९ राहतात. किती सुबक!

आता तेच २०२५ दुसऱ्या वाटेने नेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच. ५२२० − ०२२५ = ४९९५. पुढे ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या फेरीला ६१७४. तिथून हालचाल थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. हा कापरेकर स्थिरांक. चारही अंक एकसारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथे येते. सुरुवातीचा शून्य मात्र गाळायचा नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना हा १९४६ मध्ये सापडला. १९४९ मध्ये त्यांनी तो मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

म्हणजे एकीकडे वर्ग करून तोडायचं, दुसरीकडे अंक फिरवून वजा करायचं. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६; ३८११ + ८२७६ = १२०८७. जमलं नाही.

उलट बाजूनेही पाहा. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या वजाबाकीत स्थिर राहतात. १४२८५७ वर वजाबाकी सुरू केली तर ती दोन्हींपैकी कुठेच पोचत नाही: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२. या शेवटच्या संख्येतले अंक नीट पाहा. ते १४२८५७ चेच आहेत, फक्त जागा बदललेल्या. त्यामुळे पुढची फेरी परत ७५०८४३ वर येते.